रॅम्प झाला, पण पुस्तक उघडतं का? दिव्यांग विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात काय मिळायला हवं, समजून घ्या

भडगाव : बारावी झाली, बीए-बीकॉम तालुक्यालाच झालं, आता पुढं एमए-एमकॉमला जळगावला टाकू, असं दरवर्षी तालुक्यातल्या कितीतरी घरांत ठरतं. पण घरातला मुलगा किंवा मुलगी दिव्यांग असेल तर बोलणं लगेच थांबतं. "तिथं कोण पाहील त्याच्याकडं? वर्गात बसेल एकवेळ, पण अभ्यास कसा करेल? पुस्तकं कोण वाचून दाखवेल?" हे प्रश्न आई-बाप विचारतात, आणि ते काही चुकीचे नाहीत. उत्तर माहीत नसल्यानं मात्र पोरगं घरी बसतं.

या प्रश्नांचं उत्तर कायद्यात आहे, थोडं मोबाईलमध्ये आहे आणि बरंचसं ग्रंथालयात आहे. म्हणून विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं ग्रंथालय दिव्यांगांसाठी सुलभ असणं म्हणजे नेमकं काय, त्यात हक्क कोणता आणि तो मागायचा कसा, याची ही सविस्तर माहिती.

दिव्यांग म्हणजे कोण?

गावात दिव्यांग म्हटलं की लोकांना पांढरी काठी नाहीतर तीनचाकी सायकल आठवते. कायद्यात यादी मोठी आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ प्रकार आले. अंध, अंशतः अंध, कर्णबधिर, हातापायाचं अपंगत्व हे तर आहेतच. शिवाय वाचायला-लिहायला अडचण आणणारा डिस्लेक्सिया, स्वमग्नता, मानसिक आजार, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित, थॅलेसेमिया आणि सिकलसेलही त्यात आहे.

सिकलसेल आपल्या भागासाठी महत्त्वाचा. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी समाजात हा आजार आढळतो. असा विद्यार्थी दिसायला धडधाकट दिसतो. पण सांधेदुखीचा झटका आला की आठ-आठ दिवस अंथरूण धरतो. मग पुस्तक परत करायची तारीख टळते आणि दंड बसतो. अशा विद्यार्थ्याला रॅम्प नको आहे, त्याला पुस्तक जास्त दिवस घरी ठेवायची मुभा हवी आहे. गरज अशी ज्याची त्याची वेगळी असते.

आणि दिव्यांगत्व जन्मापासूनच असतं असंही नाही. मळणी यंत्रात, कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आपल्या तालुक्यांत कमी नाहीत. रस्त्यावरचे अपघात तर रोजचे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यातले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे होते. महाराष्ट्रातला आकडा होता २९ लाख ६३ हजार. तेव्हा हा विषय पुण्या-मुंबईचा नाही, तो खेड्याचाच आहे.

घरापासून पुस्तकापर्यंतची वाट

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाचा परिसर जळगाव शहराबाहेर, बांभोरीकडं, गिरणेच्या अंगाला आहे. भडगावला जी गिरणा वाहते तीच पुढं तिथं जाते. नदीला वाट मोकळी आहे, पण दिव्यांग विद्यार्थ्याला तेवढंच अंतर कापायला बरेच अडथळे पार करावे लागतात.

आधी गावातून भडगाव, मग पाचोरामार्गे एसटीनं जळगाव, तिथून पुन्हा दुसरं वाहन, मग गेट, मग इमारत, मग पायऱ्या. त्यानंतर दार, देवघेव विभागाची खिडकी, पुस्तकांचं रॅक, बसायचं टेबल आणि सगळ्यात शेवटी पुस्तकाचं पान. यातली एक जरी कडी तुटली तरी बाकीच्यांचा उपयोग नाही. ठिबकच्या नळ्या शेतभर अंथरल्या आणि फिल्टर चोक असला तर झाडाला थेंब मिळत नाही, तसंच हे.

आपल्याकडं काय होतं, की सुलभ म्हटलं की सिमेंटचा एक रॅम्प बांधतात, निळ्या रंगाची पाटी लावतात आणि काम झालं असं धरतात. रॅम्प लागतोच, पण तो वाटेतली एकच कडी आहे.

इमारतीत काय तपासायचं?

रॅम्पचंच आधी घेऊ. नियम आहे १ ला १२. म्हणजे एक फूट उंची चढायची असेल तर उतार बारा फूट लांब पाहिजे. ओटा दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब. बऱ्याच ठिकाणी जागा नाही म्हणून चार-पाच फुटांत उतार उरकतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत म्हैस चढवायला फळी लावतात तसा तो होतो. त्यावरून व्हीलचेअर एकट्यानं चढवता येत नाही आणि उतरताना पालथी होण्याची भीती. दोन्ही बाजूंनी धरायला कठडा हवा आणि फरशी घसरडी नको.

दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट पाहिजे. आत व्हीलचेअर पूर्ण वळवायला १५०० मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांची मोकळी जागा लागते. दोन रॅकमधल्या बोळीत खोके, जुन्या खुर्च्या, गठ्ठे ठेवले असतील तर ती जागा कागदावरच राहते. टेबलाखाली गुडघे जातील एवढी मोकळीक हवी. वरच्या फळीवरचं पुस्तक काढून द्यायला माणूस हवा, आणि त्या माणसानं कपाळाला आठ्या न घालता ते द्यायला हवं.

लिफ्ट असेल तर ती चालू आहे का, की कुलूप लावून किल्ली शिपायाकडं आहे? लिफ्टच्या बटणांवर ब्रेल ठिपके आहेत का? वापरता येईल असं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? हे विचारताना लाज वाटायचं कारण नाही. दिवसभर अभ्यासाला बसायचं म्हटल्यावर, विशेषतः मुलींसाठी, स्वच्छतागृह नसेल तर ग्रंथालय असून नसल्यासारखं.

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण वेगळी. त्याला पुस्तक दिसतं, पण खिडकीवरचा माणूस काय बोलतो ते कळत नाही. तिथं एक वही-पेन ठेवलं, कर्मचारी समोर तोंड करून सावकाश बोलला आणि सूचना भोंग्यावर सांगण्याबरोबर फळ्यावरही लिहिली, तर अर्धं काम होतं. याला एक रुपयाही लागत नाही.

खरी अडचण पुस्तकाच्या आत

आता धरा, अंध विद्यार्थी सगळं पार करून टेबलापाशी पोहोचला. हातात पाचशे पानांचं छापील पुस्तक आलं. पुढं काय?

इथं तीन मार्ग आहेत. पहिला ब्रेल. फ्रान्सच्या लुई ब्रेल यांनी सहा ठिपक्यांची ही लिपी १८२९ साली पुस्तकरूपात मांडली. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ पासून आहे, मराठीही तिच्यातच लिहितात. ब्रेल उत्तम, पण पुस्तक फार जाड होतं आणि मोठ्या वयात दृष्टी गेलेल्यांना ती शिकायला वेळ लागतो.

दुसरा मार्ग ध्वनिमुद्रित पुस्तक. कोणीतरी वाचून रेकॉर्ड करतं. कथा-कादंबरीला हे छान. अभ्यासाच्या पुस्तकात मात्र पान क्रमांक, तक्ता, तळटीप शोधायची असते, तिथं नुसतं रेकॉर्डिंग अडतं. म्हणून डेझी नावाचा प्रकार निघाला. त्यात धड्यावरून धड्यावर, पानावरून पानावर उडी मारता येते.

तिसरा मार्ग, आणि आज सगळ्यात कामाचा, म्हणजे संगणकावर किंवा मोबाईलवर पुस्तकाचा मजकूर आणि तो वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. संगणकासाठी एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणांनीच ते तयार केलं आणि त्याचं काम २००६ साली सुरू झालं. अँड्रॉइड मोबाईलमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असतं, सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करायचं. मराठी आवाजही आहे.

पण मराठीत एक मोठी गोम आहे आणि ती बऱ्याच प्राध्यापकांनाही माहीत नसते. आपल्याकडं कित्येक वर्षं पुस्तकं, नोट्स, प्रश्नपत्रिका श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप होत आल्या. डोळ्यांना ती मराठी दिसते. पण संगणकाच्या पोटात तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, फक्त त्यांना वरून मराठीचा पोशाख चढवलेला असतो. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, त्यामुळं विद्यार्थ्याला ऐकू येते ती बाराखडी नव्हे, नुसती खडखड. स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याहून वाईट. तो पानाचा फोटो असतो, त्यात मजकूरच नसतो आणि यंत्र गप्प बसतं.

याची परीक्षा कोणालाही घरी करता येते. कॉलेजनं दिलेल्या पीडीएफमधली दोन ओळी निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठी नीट उमटली तर फाईल युनिकोडमध्ये आहे, यंत्र वाचेल. एखादं जोडाक्षर तुटलं तरी चालतं. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर जुना फॉन्ट. आणि ओळ निवडलीच जात नसेल तर तो फोटो समजा. फोटोतून मजकूर काढणारी ओसीआर सॉफ्टवेअर आता मराठीही बऱ्यापैकी ओळखतात, पण नंतर चुका तपासायला डोळस माणूस लागतो. ग्रंथालयाचं खरं काम इथं सुरू होतं. चांगला स्कॅनर, एक संगणक, ओसीआर आणि तपासायला दोन विद्यार्थी एवढ्यावर हे चालतं.

"कॉपीराइट आहे, स्कॅन करता येणार नाही"

हे उत्तर ऐकून पुष्कळ विद्यार्थी माघारी फिरतात. २०१२ पर्यंत ते बरोबरही होतं. दिव्यांगासाठी पुस्तकाचं रूप बदलायचं तर प्रकाशकाची परवानगी लागायची. मग देशभरातल्या दिव्यांग संघटनांनी कायदा बदला म्हणून मोहीम चालवली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ साली दृष्टिबाधितांसाठी सुरू झालेलं झेवियर्स रिसोर्स सेंटरही या मोहिमेत पुढं होतं. एका कॉलेजातलं केंद्र देशाचा कायदा बदलायच्या कामात उतरलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ५२ (१) (झेडबी) नुसार, छापील पुस्तक जसंच्या तसं वाचू न शकणाऱ्या दिव्यांगासाठी ते वाचता येईल अशा रूपात करणं हा आता कॉपीराइटचा भंग नाही. अट एवढीच, की ते नफ्यासाठी नको, फार तर तयार करण्याचा खर्च घ्यायचा, आणि ती प्रत दिव्यांग वाचकापुरतीच राहील याची काळजी घ्यायची. सगळ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली तर ते बेकायदेशीर.

पुढं जगभरासाठीही असाच करार झाला. मोरोक्को देशातल्या माराकेश शहरात जून २०१३ मध्ये तो ठरला आणि २०१४ साली त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आला. त्यामुळं एका देशात तयार झालेलं सुलभ पुस्तक करारातल्या दुसऱ्या देशातल्या दिव्यांगाला देता येतं.

घरबसल्या मिळणारं ग्रंथालय

ऑगस्ट २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. केंद्र सरकारचा दिव्यांगजन सक्षमीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांनी मिळून ते उभं केलं. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतली पुस्तकं तिथून उतरवून घेता येतात. जे छापील अक्षर वाचू शकत नाहीत अशांसाठीच ते आहे. त्यात अंध, अंशतः अंध, डिस्लेक्सिया असणारे, तसंच हातांच्या अपंगत्वामुळं पुस्तक धरता न येणारेही येतात. नोंदणीला दिव्यांगत्वाचा पुरावा लागतो.

भडगावसारख्या ठिकाणी याचं मोल जास्त आहे. पाऊस असो, एसटी चुको, मुलगी एकटी जाऊ शकत नसो, पुस्तक मोबाईलवर येतं. मात्र हे ग्रंथालय विद्यापीठाच्या ग्रंथालयाची जागा घेऊ शकत नाही. आपल्या अभ्यासक्रमाचं, आपल्या प्राध्यापकांनी लावलेलं पुस्तक तिथं असेलच असं नाही. नसेल तर ते करून द्यायची जबाबदारी शिकवणाऱ्या संस्थेची.

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या कायद्याचं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांना लागू होतं. इमारत, परिसर आणि सोयी सुलभ असाव्यात आणि ज्याच्या-त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असं त्यात आहे. ग्रंथालय ही त्यातलीच एक सोय. कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयातही ५ वर्षांची सूट आहे. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुलभ करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. कायदा मोडला तर कलम ८९ प्रमाणे पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयानंही हे प्रकरण लावून धरलं. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यानं २००५ साली सार्वजनिक ठिकाणं सुलभ करावीत म्हणून याचिका केली होती. त्यावर डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं मुदती घालून आदेश दिले. तरी काम पुढं सरकेना. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं सांगितलं, की सुलभतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०२२ मध्ये कॉलेजं आणि विद्यापीठांसाठी सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. शिवाय नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगांच्या सोयींची माहिती द्यावी लागते. म्हणजे कॉलेजनं नॅकला काय लिहून दिलं आणि जागेवर काय आहे, हे विद्यार्थी ताडून पाहू शकतो.

मागायचं कसं?

सगळ्यात आधी यूडीआयडी कार्ड काढून घ्या. जवळपास सगळीकडं तेच मागतात. एसटीच्या भाड्यातली दिव्यांग सवलतही विसरू नका. मग प्रवेश होताच, परीक्षा तोंडावर येण्याची वाट न पाहता, लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. अर्जाचा नमुना असा :

प्रति, मा. ग्रंथपाल (मार्फत मा. प्राचार्य / विभागप्रमुख)
विषय : दिव्यांग विद्यार्थी म्हणून ग्रंथालयात वाजवी सोय मिळणेबाबत.
महोदय, मी … या वर्गात शिकत असून मला … टक्के … दिव्यांगत्व आहे. यूडीआयडी कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. अभ्यासक्रमातील खालील पुस्तके मी छापील स्वरूपात वाचू शकत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १६ व कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२ (१) (झेडबी) नुसार ती युनिकोड मजकुराच्या स्वरूपात मिळावीत. तसेच … ही सोय (पुस्तक जास्त दिवस मिळणे / तळमजल्यावर बसण्याची जागा / स्क्रीन रीडर असलेला संगणक) करून द्यावी, ही विनंती. आपला / आपली विश्वासू …

अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर आवक शिक्का घेऊन ती आपल्याजवळ ठेवा. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर तिथंही एक प्रत द्या. पंधरा-वीस दिवसांत काही हललं नाही तर १० रुपयांचं तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारा, की माझ्या अर्जावर काय कारवाई झाली. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. तरीही दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडं तक्रार करता येते. आयुक्तांना चौकशीसाठी साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

पण बहुतेक वेळा गोष्टी तिथपर्यंत जात नाहीत. ग्रंथपालांना अनेकदा नेमकं काय करायचं तेच कोणी सांगितलेलं नसतं. विद्यार्थ्यानं "मला अमुक पुस्तक अमुक रूपात हवं" असं स्पष्ट सांगितलं तर मार्ग निघतो.

तालुक्यात काय करता येईल?

सगळं विद्यापीठावर सोडून चालणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात एका संगणकावर एनव्हीडीए टाकायला एक तास लागतो, पैसे लागत नाहीत. प्राध्यापकांनी यापुढच्या नोट्स युनिकोडमध्येच टाईप करायच्या ठरवल्या तर पुढच्या वर्षीचा अंध विद्यार्थी आपोआप वर्गाच्या बरोबरीला येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी ओसीआरमधल्या चुका तपासायचं काम घेतलं, तर रस्ते झाडण्याइतकंच ते श्रमदान आहे. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी एखाद्या दिव्यांग वाचकाची सुगम्य पुस्तकालयात नोंदणी करून दिली, त्याला टॉकबॅक शिकवलं, तरी मोठं काम होईल. आणि त्याच आवाजाचा उपयोग मोतीबिंदूमुळं पेपर वाचणं सुटलेल्या घरातल्या आजोबांनाही होतो.

या प्रवेशाच्या हंगामात पालकांनी एवढं करावं. कॉलेज पाहायला जाल तेव्हा फी आणि होस्टेल विचारून झालं की ग्रंथालयातही एक चक्कर मारा. रॅम्प किती लांब आहे ते पाहा, दार मोजा, आणि खिडकीवर विचारा, "न दिसणाऱ्या पोराला हे पुस्तक तुम्ही कसं द्याल?" उत्तर काय मिळतं ते अर्जाबरोबर लिहून ठेवा. पोराला घरी ठेवायचं की पुढं शिकवायचं, हे ठरवायच्या आधी तो प्रश्न विचारलेला असला पाहिजे.